दुमडलेली कमान

हेन्री फोर्डच्या कारखान्यातून १९१७ साली ‘फोर्डसन’ नावाचा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. हलका, स्वस्त आणि सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातला. पण त्याला एक जीवघेणी खोड होती. नांगराचा फाळ खडकात किंवा झाडाच्या मुळीत अडकला की मागची चाके जागीच थांबत, इंजिनाचा जोर मात्र थांबत नसे. तो जोर मग ट्रॅक्टरचे तोंड वर उचलण्यात जाई. घोडा मागच्या पायांवर उभा राहावा तसा ट्रॅक्टर उभा राही आणि चालकाच्या अंगावर उलटे. पुढे मागच्या मडगार्डना लांब शेपट्या जोडून मिळू लागल्या. उभा होऊ लागलेला ट्रॅक्टर त्या शेपट्यांवर टेकावा, ही कल्पना. एकूण मलमपट्टीच.

खरे उत्तर शोधले हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडमधल्या खटपट्या यंत्रज्ञाने. नांगर मागून नुसता ओढत नेण्याऐवजी त्याने तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जखडला. दोन दांड्या खाली, एक वर. नांगर अडकला की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि पुढची चाके उचलली जाण्याऐवजी जमिनीवर दाबली जातात. १९३९ साली फोर्डच्याच नव्या ट्रॅक्टरवर ही जोडणी आली. आज आपल्याकडच्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या पाठीमागे जाऊन पाहा, त्या तीन दांड्या दिसतील.

आता गंमत अशी, की शेतकऱ्यांनी ही जोडणी सुरक्षिततेसाठी घेतलीच नाही. बांधाशी वळताना एक खटका ओढला की नांगर आपोआप वर उचलला जातो, म्हणून घेतली. जीव वाचण्याची सोय त्या सोयीच्या पोटातून फुकट आली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढच्या सत्तर वर्षांत यंत्रे बनवणारे ती वारंवार विसरले.

मागे उलटणे कमी झाले, तरी कुशीवर कलंडणे राहिलेच. ट्रॅक्टरला उंच बांधणीशिवाय गत्यंतर नाही, कारण खालून पीक जायचे असते. उतार, ओढ्याचा काठ, बांध, यांपैकी काहीही पुरते. या प्रश्नाला स्वीडनने हात घातला. ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती चेपली न जाणारी जागा उरली पाहिजे, असा साधा विचार त्यांनी केला. केबिनवर जड लोलकाचे तडाखे देऊन तिची परीक्षा घ्यायची पद्धत बसवली आणि १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना असे संरक्षण सक्तीचे करायला सुरुवात केली. जुन्या ट्रॅक्टरांवर टप्प्याटप्प्याने पाळी आली. १९५७ साली तिथे दर एक लाख ट्रॅक्टरांमागे उलटण्याने वर्षाला १२ माणसे मरत. १९९० पर्यंत हा आकडा ०.२ वर आला. शेतीच्या इतिहासात इतके घवघवीत यश क्वचितच सापडेल. अर्थात बर्फाळ वाऱ्यात नांगरणाऱ्या माणसाला बंद केबिन नकोशी होण्याचे कारण नव्हते, हेही खरे.

ब्रिटनने १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांवर केबिन सक्तीची केली, तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. त्या पत्र्याच्या पेटीत इंजिनाचा आवाज घुमू लागला. चालक उलटण्यातून वाचला, पण कानांनी अधू होऊ लागला. चालक दारे-खिडक्या काढून ठेवत, त्यात नवल ते काय! अखेर १९७० च्या दशकाच्या मध्यात आवाजावर नव्वद डेसिबलची मर्यादा आली आणि ‘क्यू’ केबिन, म्हणजे शांत केबिन, बनू लागल्या.

अमेरिकेत जॉन डीअर कंपनीने १९६६ साली चालकामागे उभी राहणारी पोलादी कमान बाजारात आणली आणि तिचा आराखडा इतर कारखानदारांनाही खुला केला. १९७६ च्या सरकारी नियमाने ती सक्तीची झाली, पण फक्त पगारी चालकांसाठी. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवणारा शेतकरी नियमाबाहेर राहिला. १९८५ पासून कारखानदारांनी आपणहून वीस अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कमान बसवायला घेतली.

पण सफरचंदाच्या बागेत फांद्या खाली आलेल्या. गोठ्याची दारे ठेंगणी. उभी कमान फळे पाडते, दाराला अडकते. म्हणून दुमडणारी कमान निघाली. मध्ये बिजागरी, दोन्ही बाजूंना पिना. पुस्तिकेत लिहिलेले असते, की गरजेपुरतीच दुमडा आणि काम होताच उभी करा. प्रत्यक्षात काय होते? वरचा भाग चांगलाच जड. बिजागरी गंजलेली. खाली उतरायचे, एका बाजूची पिन काढायची, वळसा घालून दुसरी, मग कमान खांद्याने रेटायची. ओळी संपून मोकळे रान आले की हे सगळे उलट्या क्रमाने पुन्हा. दिवसातून वीस वेळा हे करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. कमान एकदा खाली गेली की खालीच राहते.

त्यात सीट बेल्टचा पेच. कमान उभी असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर चालक बाहेर फेकला जाऊन कमानीखालीच सापडतो. कमान दुमडलेली असेल तर पट्टा बांधू नये, कारण मग तो उलटणाऱ्या लोखंडाला जखडला जातो. म्हणजे सवय एकच लावायची सोय नाही. ‘वेळ आली तर उडी मारीन’ हा भरवसा तर खोटाच. मागे उलटणारा ट्रॅक्टर सुमारे दीड सेकंदात जमिनीला टेकतो आणि पहिल्या पाऊण सेकंदानंतर त्याला सावरता येत नाही.

इटलीतल्या डोंगरउतारावरच्या द्राक्षबागांत याची किंमत मोजली गेली. ट्रॅक्टरवर कमान होती, पण दुमडलेली, असे मृत्यू तिथे वारंवार नोंदले गेले. त्याला ‘गैरवापर’ म्हणणे सोपे आहे. पण संशोधकांनी कमान उचलायला लागणारा जोरच मोजायला घेतला. ट्रॅक्टरचाचणीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत या जोरावर मर्यादा आली. भार तोलणाऱ्या गॅसच्या दट्ट्या आल्या. अमेरिकेत सरकारी संशोधकांनी एरवी ठेंगणी राहणारी आणि कलंडू लागताच स्प्रिंगच्या झटक्याने स्वतःच वर येणारी कमान करून दाखवली. ती मात्र बाजारात फारशी रुजली नाही.

आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीखाली पुढची चाके उचललेला ट्रॅक्टर हंगामात रोज दिसतो. बहुतेकांच्या डोक्यावर ऊन अडवणारे छप्पर असते, कमान नसते. नाशिककडे द्राक्षमांडवाखाली फवारणीला जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरला उभी कमान चालणारच नाही. तिथे येणारी कमान त्या मांडवाची उंची मोजून करावी लागेल, आणि ती बसल्या जागेवरून, एका हाताने वर-खाली करता आली पाहिजे.