दिवेलागणीनंतरची भाकरी

महाराष्ट्रात पिंपळगावे इतकी आहेत की, नुसत्या 'पिंपळगाव' एवढ्याच पत्त्यावर धाडलेले पत्र कोठे जाऊन पडेल याचा भरवसा देता येत नाही. म्हणूनच नाशिकाकडचे पिंपळगाव बसवंत झाले, जळगावाकडचे हरेश्वर झाले, आणि जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील या पिंपळगावाने रेणुकाईचे नाव आपल्यामागे लावून घेतले. देवीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावाची अलीकडची ख्याती मात्र हिरव्या मिरचीच्या बाजाराची आहे. हंगामात दिवसभर बायका वाकून मिरची तोडतात, दिवस कलू लागला की पोती बाजाराकडे निघतात, भाव ठरतो, मालमोटारी परप्रांतांच्या वाटेला लागतात. आणि ज्या हातांनी ती मिरची तोडली ते हात त्यानंतर घरी जाऊन चुलीपुढे बसतात. या शेवटच्या घटकेचा, म्हणजे कष्ट करून थकलेल्या माणसाच्या घरी साध्या दिवशी रात्री काय शिजत आले याचा, इतिहास कोणी लिहिलेला नाही.

न लिहिण्याला कारण आहे. आपली जुनी दप्तरे सरकारी डोळ्यांनी पाहतात, आणि सरकारचा डोळा धान्य शेतातून निघून सरकारात जमा होईपर्यंतच त्याच्यावर असतो. मौजेवार जमाबंदी, सारा, पट्ट्या, बलुतेदारांचे हक्क हे सारे तपशीलवार मिळते. देवस्थानाच्या इनामपत्रात नंदादीपाच्या तेलाची आणि नैवेद्याची तजवीज केलेली आढळते. पण देवीला पुरणाचा नैवेद्य दाखविणाऱ्या त्याच घराने पुढच्या मंगळवारी रात्री काय खाल्ले हे लिहून ठेवण्याची गरज कोणत्याही कारकुनाला वाटली नाही. छापील पाकग्रंथांचीही तीच तऱ्हा. 1875 साली प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'पासून मराठीत पाककृती लिहून ठेवण्याचा प्रघात पडला खरा, परंतु पुस्तक विकत घेऊन जे शिकावे लागते ते पिठले नव्हे. म्हणून या भोजनाचा इतिहास पुस्तकांत धुंडाळण्यापेक्षा जात्यात, पेवात आणि शब्दांत शोधावा, हे बरे.

शब्दांपासूनच आरंभ करू. मराठवाड्यात भाकरीबरोबर जे खायचे त्याला 'कोरड्यास' म्हणतात, आणि गंमत अशी की हे कोरड्यास पुष्कळदा चांगले पातळ, रसदार असते. परक्या माणसाला हा विपर्यास वाटतो. पण कोरड्या भाकरीस जे लागते ते कोरड्यास, अशी विभक्तीच या शब्दात गोठून राहिलेली दिसते. भाकरी हे भोजन. बाकी सगळे तिच्या सोबतीला आलेले. सायंकाळच्या वेळी ही सोबत थोडक्यात उरकावी लागते, आणि त्यासाठी या भागातील गृहिणींनी जी युक्ती सिद्ध केली तिची तोड मला दुसरीकडे क्वचितच आढळली. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून लसूण-मिरचीच्या फोडणीत सोडले की पिठले. तेच कोरडे ठेवले की झुणका. तुरीच्या वरणात कणकेचे तुकडे सोडले की वरणफळे. हुलग्याच्या पिठाच्या वळ्या तिखट पाण्यात उकळल्या की शेंगोळे. ज्वारी भरड दळून शिजवली की कण्या, ज्यांना ताकाशिवाय दुसऱ्या कशाचीही अपेक्षा नाही. घरात काहीच नसले तरी डाळी-धान्ये भाजून मसाल्यासह दळून ठेवलेले येसर असते, आणि उकळत्या पाण्यात त्याचे दोन चमचे पडले की आमटी होते. यातले कोणतेही कोरड्यास दोन-चार भाकऱ्या होईपर्यंत चुलीच्या वैलावर सहज तयार होते, आणि एकालाही बाजारातून ताजी भाजी आणावी लागत नाही.

परंतु हे सोपेपण फसवे आहे. पाव घटकेत होणारे पिठले पाव घटकेत होत नाही. त्याचा आरंभ फाल्गुनात हरभरा खळ्यावर आला तेव्हा झालेला असतो, चैत्र-वैशाखात डाळ भरडली, तिखट कुटले, येसर भाजले तेव्हा त्याचे बरेचसे शिजून झालेले असते, आणि रात्री चुलीवर होतो तो केवळ उपसंहार. शेतावर जाणाऱ्या बाईला संध्याकाळी स्वयंपाकाला वेळ नाही, म्हणून तिने तो वेळ उन्हाळ्यात, शेतीची कामे सरल्यावर, आधीच खर्च करून मडक्यांच्या उतरंडीत भरून ठेवलेला असतो. ज्याला आपण झटपट जेवण म्हणतो ते साठवलेले श्रम होत. आणि या जेवणाचा इतिहास म्हणजे हे श्रम कोणी केले, ते कोठे साठले आणि पुढे कोणाच्या हाती गेले याचा इतिहास होय.

साठवणीला एक अपवाद होता, आणि तो सर्वांत कष्टाचा होता. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळावे लागते, लाटता येत नाही, हाताने थापावे लागते. शिवाय पीठ चार-आठ दिवस शिळे झाले की ते विरी जाते, भाकरीच्या कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना तिचे तुकडे होतात. मिरची वर्षभराची कुटून ठेवता येते, डाळ भरडून ठेवता येते, पीठ मात्र ताजेच हवे. म्हणून पहाटे उठून जाते ओढणे सुटत नसे. मराठी बायकांच्या ओव्यांचे जे अपार भांडार आज संशोधक वाखाणतात, ते पिठाच्या या दुर्गुणातून जन्मले असे म्हटले तर रसिकांना ते रुचणार नाही. परंतु ज्वारीचे पीठ महिनाभर टिकते, तर रोज पहाटे दोघींनी जात्याच्या खुंट्याला हात घालून गात बसण्याचा प्रसंग आला नसता, एवढे निश्चित.

धान्य जमिनीखालच्या पेवात किंवा भिंतीच्या बळदात राही. पेव उघडल्यावर आत कोंडलेली दूषित हवा जीवघेणी ठरे, म्हणून शहाणी माणसे ती निघून जाऊ देत आणि आत दिवा सोडून तो विझत नाही ना हे पाहून मगच उतरत. पेव हा दुष्काळाविरुद्धचा विमा होता, तसाच तो सरकारपासून, फौजेपासून आणि लुटारूंपासूनचा आडोसाही होता. या मुलुखाला अशा आडोशाची गरज वारंवार पडली. 23 सप्टेंबर 1803 रोजी याच भोकरदनच्या परिसरात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असलेल्या असईला, वेलस्लीची इंग्रज फौज आणि शिंदे-भोसल्यांचे सैन्य एकमेकांना भिडले. त्या रणाची वर्णने पुष्कळ आहेत. मात्र त्या सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता आणि वेलस्लीची फौज वंजाऱ्यांच्या धान्याच्या बैलांवर अवलंबून होती, ही गोष्ट लढाईच्या नकाशात दिसत नाही. हजारो माणसे आणि जनावरे ज्या शिवारातून गेली त्या शिवारातील चुलींवर त्या आठवड्यात काय शिजले असेल, याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी.

पुढे निजामी अमलात दिवाण सर सालारजंगांच्या जिल्हाबंदीने मुलुखाला तहसीली चौकट आली. खरीप आणि रब्बी हे शब्द आपण इतके आपलेसे केले आहेत की ते मूळचे अरबी आणि महसुली दप्तराच्या वाटेने आपल्या शेतात आले, हे कोणाला आठवतही नाही. स्वयंपाकघर मात्र या दोन शब्दांच्या तालावर चाले: खरिपात मूग, उडीद, बाजरी, रब्बीत शाळू ज्वारी, हरभरा आणि ज्वारीच्या कडेने पेरलेली काटेरी करडई, जिचे तेल तेल्याच्या घाण्यावरून येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात सक्तीच्या लेव्हीने धान्य उचलले जाऊ लागले, तेव्हा बळदाची राखण हा पुन्हा घराघरातला प्रश्न झाला.

आता मिरचीकडे वळतो, कारण तिच्यावाचून पिंपळगावाची गोष्ट पुरी होत नाही. या गावच्या मिरचीविषयी बोलताना ती जणू पांढरीबरोबरच येथे वसली असे आपण धरून चालतो. वास्तविक ती पाहुणी आहे, आणि फार जुनी पाहुणी नव्हे. अमेरिकेतून निघालेले हे रोप सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागले. ठेच्यात पडणारा भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत, पण ती काही सहस्र वर्षांपूर्वीच इथे रुजली. हरभरा पश्चिम आशियातला. याचा अर्थ असा की, ज्याला आपण अस्सल गावरान म्हणून शहरातल्या भोजनगृहांत दामदुप्पट मोजतो त्या पिठले-भाकरी-ठेच्याच्या ताटात एकही जिन्नस मूळचा येथला नाही. मला यात कमीपणा दिसत नाही. ज्या भोकरदनची ओळख 'भोगवर्धन' या प्राचीन नगराशी पटली आहे, तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत आणि तेथील उत्खननात हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती मिळाली तिची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीतील पाँपेईत सापडली. त्या मुलुखाने परदेशी वस्तूला परकी मानावे तरी कशासाठी? भोग वाढविणारे नगर आणि पिठले ही जोडी मात्र थोडी विनोदी आहे खरी.

मिरचीपूर्वी तिखट कोठून येत असे? मिरे आणि पिंपळी यांपासून. (पिंपळगावाचा पिंपळीशी संबंध जोडण्याचा मोह एखाद्या व्युत्पत्तिप्रेमी माणसाला होईल, पण गावाचे नाव पिंपळाच्या झाडावरून आहे, आणि पिंपळीच्या वेलीला येथली कोरडी हवा मानवणारही नाही.) मलबारच्या पावसात वाढणारे मिरे तांड्यांच्या पाठीवरून घाट चढून येई तोवर त्याची किंमत सामान्य रयतेच्या आवाक्यापलीकडे जात असावी. मिरचीने हे सारे मोडले. जे तिखट पैसे मोजून आणावे लागे ते परड्यात सांडपाण्यावर उगवू लागले, वाळवले की वर्षभर टिकू लागले, आणि मिऱ्याच्या नावातूनच तिला नाव मिळाले. भाजी नाही, तेल बेताचे, दूध विकलेले, अशा घरात कोरडी भाकरी घशाखाली उतरवण्याचे काम तव्यावर चरचरलेल्या चार मिरच्या, लसूण आणि मीठ तांब्याच्या बुडाने रगडून होऊ लागले. तिखट खाणे हा मराठवाड्याचा स्वभाव आहे असे म्हणतात; तो स्वभाव नसून गरिबीचा हिशोब होता, आणि तो पुढे आवडीत रूपांतरित झाला, असे माझे मत आहे.

या ताटावरचा मोठा आघात 1972 च्या दुष्काळाने केला. बळदे रिकामी झाली, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माणसे सुकडी खाऊन दिवस काढू लागली आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळू लागली. तीही ज्वारीचीच जात. परंतु शाळूची भाकरी थापणाऱ्या हाताला ती नीट थापता येईना. वृद्ध मंडळी त्या दुष्काळाच्या आठवणी सांगतात तेव्हा भुकेइतकाच राग त्या लाल भाकरीवर काढतात. तत्पूर्वी, 1964 साली, संकरित ज्वारीचे पहिले वाण देशात आले होते आणि त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली होती. संकरित ज्वारीने पोती भरली. पण खरिपातले तिचे दाणे काढणीच्या पावसात काळे पडत, आणि 'हायब्रीडची भाकर' हा उद्गार घराघरात नाक मुरडूनच निघत असे. तिच्यामागून कपाशी, मका, सोयाबीन आले, ज्वारीची शेते आक्रसली, रेशनच्या गव्हा-तांदळाने रात्रीच्या चुलीवर खिचडी आणली. चौदाव्या शतकात दौलताबादेत राहून गेलेल्या इब्न बतूताने मुगाची खिचडी तूप घालून खाण्याची हिंदी रीत लिहून ठेवली आहे. पण या पठारावर तांदूळ हा सणाचा जिन्नस होता, आणि खिचडी रोजची व्हायला सहा शतके जावी लागली. 1995 साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली, तेव्हा जे ताट कोणी पाहुण्यापुढे मांडायला धजत नसे त्याला मंत्रालयाची प्रतिष्ठा मिळाली.

दरम्यान गिरणीने जाते मूक केले, तयार तिखटाच्या पुड्यांनी उखळ कोपऱ्यात ढकलले, सरपणाच्या जागी गॅसची टाकी आली. उन्हाळ्यातले साठवणीचे श्रम बाजाराने विकत घेतले आणि थोड्या नफ्याने परत विकले. थापण्याचे काम मात्र कोणालाही विकत घेता आले नाही. भाकरी अजून हातानेच होते.

आणि मिरचीच्या हंगामात तेवढेच अवघड होऊन बसते. दिवसभर तोडणी केलेल्या बाईच्या बोटांना सांजेपर्यंत आग सुटलेली असते, आणि ज्वारीचे पीठ तर कढत पाण्याशिवाय मळले जात नाही. पोत्यात न खपलेल्या, देठ मोडलेल्या मूठभर मिरच्या ती ओच्यातून आणून चुलीजवळ टाकते, तेलाचे बोट हातांवरून फिरवते, आणि काठवटीपुढे त्या रात्री लेकीला बसवते.