साडूपर्यंत पोहोचणारा कायदा

गुन्हा मुलाने केला. घर आईच्या नावावर आहे. मग घरावर सरकारी नोटीस कशी काय चिकटते?

एमडीची एखादी मोठी कारवाई झाली की आरोपीच्या मालमत्तेची चौकशी सुरू असल्याचं पोलीस हल्ली आवर्जून सांगतात. लोकही म्हणतात, बरं झालं, यांची घरंदारं काढून घेतली पाहिजेत. राग समजू शकतो. ज्यांच्या घरातलं पोर या नशेने वाया गेलंय त्यांचा तर जास्तच. पण बातमी तिथेच संपते, आणि त्या घरात राहणाऱ्यांची गोष्ट तिथून सुरू होते. हा कायदा कुठून आला, कुणासाठी आला आणि कुणापर्यंत पोहोचला, ते आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा.

आधी तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण आपण सगळ्यालाच ‘जप्ती’ म्हणतो. छाप्यात सापडलेला माल, रोकड, गाडी ताब्यात घेणं ही एक गोष्ट. घर, जमीन, बँकखातं गोठवणं ही दुसरी. यात घर तुमचंच राहतं, पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आणि तिसरी म्हणजे सरकारजमा होणं. मग ते घर तुमचं उरत नाही. कुटुंबाचं आयुष्य अडकतं ते बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्ये.

आता थोडं मागे जाऊ.

जुन्या इंग्लंडमध्ये मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाची मालमत्ता राजाकडे जायची. फाशी एकाला आणि रस्त्यावर सगळं कुटुंब, असा हिशोब. इंग्लंडने ही प्रथा 1870 साली कायदा करून बंद केली. आपल्याकडे 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 61 आणि 62 मालमत्ता सरकारजमा करण्याच्या शिक्षेची होती. ती 1921 साली काढून टाकली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, तेही इंग्रजांच्या राज्यात, माणसाच्या अपराधासाठी त्याची सरसकट सगळी मालमत्ता काढून घेण्याची शिक्षा दंड संहितेतून गेली होती.

पुढे दुसरं महायुद्ध आलं. सरकारी पैशाची आणि कंत्राटांची लूट वाढली. 1944 साली सरकारने एक अध्यादेश काढला. सरकारी पैसा खाल्ल्याचा आरोप असेल तर खटला संपेपर्यंत मालमत्तेवर टाच आणता येईल, मात्र त्यासाठी जिल्हा न्यायाधीशाकडे जावं लागेल. युद्ध संपलं, इंग्रज गेले, तो अध्यादेश अजून चालू आहे. पण त्यात एक गोष्ट चांगली होती. टाच आणायची तर न्यायाधीशासमोर उभं राहावं लागायचं.

मोठा बदल झाला सत्तरच्या दशकात आणि त्याचं कारण आपला किनारा. सोनं, घड्याळं, परदेशी कापड यांची तस्करी तेव्हा जोरात होती. मुंबईत हाजी मस्तानसारखी नावं घराघरात माहीत होती. 1974 मध्ये तस्करांना खटल्याविना स्थानबद्ध करणारा ‘कोफेपोसा’ आला. पण माणूस आत गेला तरी पैसा बाहेरच राहायचा. बंगला बायकोच्या नावावर, गाळा मेव्हण्याच्या नावावर, जमीन आईच्या नावावर. तपास अधिकारी सातबारा काढायला गेले की तस्कर कागदावर कफल्लक!

म्हणून आणीबाणीत, नोव्हेंबर 1975 मध्ये अध्यादेश निघाला आणि जानेवारी 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. तोच ‘साफेमा’. त्याच वर्षी 40 वी घटनादुरुस्ती करून तो नवव्या परिशिष्टात टाकला, जेणेकरून मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर त्याला आव्हान देणं अवघड व्हावं. या कायद्याने दोन गोष्टी केल्या. पैसा कष्टाचा आहे हे सिद्ध करण्याचा भार मालमत्ताधारकावर टाकला. आणि ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या केली.

ती व्याख्या मराठीत उलगडून बघा. नवरा किंवा बायको. भाऊ-बहीण. मेव्हणा-मेव्हणी, दीर-नणंद. आई-वडील, आजी-आजोबा. मुलं, नातवंडं. सासू-सासरे. या सगळ्यांचे जोडीदार, म्हणजे वहिनी, भावोजी, सून, जावई, जाऊ, अगदी साडूसुद्धा. शिवाय पुतणे आणि भाचे, स्वतःचे आणि बायकोकडचेही. काका, मामा, आत्या, मावशी यादीत नाहीत. पण ‘सहयोगी’ नावाचा वेगळा वर्ग आहे आणि त्यात त्या माणसाच्या घरात राहिलेली व्यक्तीही येते. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवर ज्यांची नावं छापतो, त्यातले बरेचसे लोक एका माणसामुळे या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात.

अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, 1985 चा. त्यात 1989 साली ‘पाच-अ’ हे नवं प्रकरण घातलं आणि साफेमाचा हाच साचा त्यात आला. तीच नातेवाइकांची यादी, तोच उलटा भार. मुंबईतली सोन्याच्या तस्करांसाठी घडवलेली चौकट आता गर्द, चरस, गांजाच्या प्रकरणांना लागू झाली.

साफेमाला आव्हान दिलं गेलं होतंच. 12 मे 1994 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘अमृतलाल प्रजीवनदास’ खटल्यात निकाल दिला. कायदा टिकला. पण न्यायालयाने एक रेघ ओढून दिली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात महत्त्वाची आहे. नातेवाईक यादीत आहेत म्हणून त्यांची स्वतःची मालमत्ता घ्यायची नाही. गुन्हेगाराचा पैसा त्यांच्या नावावर ठेवलेला असेल तर तेवढाच घ्यायचा. बायकोने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर तिचंच. फक्त, ते तिचं आहे हे तिने दाखवायचं.

अडचण सगळी त्या शेवटच्या वाक्यात आहे.

त्या रेघेचं पुढे काय झालं ते बघा. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाचेच दोन निकाल आले, दोन्ही साफेमाखालचे, दोन्ही नातेवाइकांच्या मालमत्तेचे. एकात म्हटलं की नोटिशीत मालमत्तेचा आणि गुन्हेगाराच्या पैशाचा संबंध दाखवला पाहिजे. दुसऱ्यात म्हटलं की तसा संबंध नोटिशीत दाखवायची गरज नाही. 2008 साली मुंबईच्याच एका एनडीपीएस प्रकरणात न्यायालय पुन्हा पहिल्या बाजूला आलं. आधी अधिकाऱ्याने कारण आणि धागा दाखवावा, मगच भार समोरच्यावर जाईल. 2014 साली संसदेने दुरुस्ती करून स्पष्टीकरण घातलं की पुरावा नमूद केला नाही किंवा थेट संबंध दाखवला नाही, एवढ्याच कारणावरून नोटीस रद्द ठरणार नाही. न्यायालयाने घट्ट केलेली गाठ संसदेने सैल केली. या दुरुस्तीवर गावोगावी चर्चा झाली नाही, कारण ज्यांना ती लागणार होती त्यांच्या बाजूने बोलायला कोण उभं राहणार?

आणखी एक टप्पा 2001 चा. त्या दुरुस्तीने दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसती अटक झालेल्यालाही या प्रकरणात आणलं. एमडीचं उदाहरण घ्या. 50 ग्रॅमपासून पुढे व्यापारी प्रमाण धरलं जातं आणि शिक्षा दहा ते वीस वर्षं. म्हणजे खटला सुरू व्हायच्या आधीच त्याची आणि नातेवाइकांची मालमत्ता गोठवता येते. संसदेने इथे एक कुंपणही घातलं आहे, ते सांगितलं पाहिजे. फक्त अटक झालेल्यांच्या बाबतीत सरकारजमा करण्याची नोटीस काढता येत नाही, आणि आरोपी सुटला तर गोठवलेली मालमत्ता मोकळी होते. पण सुटल्यानंतर सरकार अपिलात गेलं तर ते अपील संपेपर्यंत नाही. आपल्याकडे खटल्यांना लागणारा वेळ तुम्हाला माहीत आहे. तोपर्यंत ते घर तारण ठेवून मुलीच्या शिक्षणाला कर्ज निघत नाही, आजारपणात तुकडा विकता येत नाही. वकिलाची फीसुद्धा त्यातून उभी करता येत नाही.

दुसरी बाजू खोटी नाही. आपल्या कोकणातलंच बघा. खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या दाऊदच्या कुटुंबाच्या जमिनी साफेमाखालीच लिलावात निघाल्या. जानेवारी 2024 मध्ये 15,440 रुपये राखीव किंमत असलेला एक तुकडा 2 कोटी 1 लाखाला गेला. मुंबईतल्या नागपाड्याच्या मालमत्तांसाठी त्याची आई आणि बहीण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. 2018 मध्ये ती याचिका फेटाळली गेली, कारण पैसा कुठून आला ते दाखवता आलं नाही. अशा प्रकरणात हा कायदा नसता तर सरकारच्या हाती काही लागलं नसतं. कायदा हवाच. पण ज्या चौकटीत दाऊदचं कुटुंब बसवलं, त्याच चौकटीत रिक्षा चालवणाऱ्याचं कुटुंबही बसतं, हे लक्षात घ्या.

या वाटेने सगळ्यात लांब गेलेला देश अमेरिका, म्हणून तिकडेही एक नजर टाकू. तिथे खटला माणसावर नाही, थेट वस्तूवर भरता येतो. 1993 च्या एका गाजलेल्या खटल्याचं नावच ‘अमेरिका विरुद्ध 92, ब्युएना व्हिस्टा अव्हेन्यू’ असं आहे. आरोपी म्हणून घराचा पत्ता! मित्राने दिलेल्या पैशांतून एका बाईने ते घेतलं होतं आणि पैसा ड्रग्जचा असल्याचा सरकारचा दावा होता. न्यायालयाने तिला निर्दोष मालक म्हणून बाजू मांडायची संधी दिली. 1984 च्या कायद्याने जप्त मालमत्तेतला वाटा स्थानिक पोलीस खात्यांना मिळू लागला आणि मग जप्तीची भूक वाढली. मुलाकडे गांजा सापडला म्हणून आईची गाडी अडकल्याचं प्रकरण अगदी 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. गाडी तात्पुरती परत मिळावी यासाठी वेगळी, लवकर सुनावणी घेणं घटनेने बंधनकारक नाही, असा निकाल लागला. उलट न्यू मेक्सिको राज्याने 2015 मध्येच ठरवलं की गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय मालमत्ता जाणार नाही. आपल्या कायद्यात सरकारजमा मालमत्तेच्या विक्रीचा पैसा अमली पदार्थ नियंत्रणाच्या राष्ट्रीय निधीत जातो, पोलीस ठाण्याला वाटा मिळत नाही. ही आपली जमेची बाजू, ती टिकायला हवी.

मग आपल्याकडे खरी अडचण कसली? कागदाची.

कायदा विचारतो, पैसा कुठून आला ते दाखवा. आपल्या घरांमध्ये पैसा कसा येतो? भिशीतून. बचत गटातून. आंबा-काजूच्या रोखीच्या विक्रीतून. मुंबईच्या चाकरमान्या दिराने गणपतीत हातात ठेवलेल्या नोटांतून. माहेरचे दोन दागिने मोडून. वीस वर्षं शिलाई करून बाईने जोत्यावर भिंती चढवल्या, त्याची पावती कुणी ठेवलेली नसते. खऱ्या गुन्हेगाराकडे मात्र सीए असतो, करविवरणपत्रं असतात. त्यामुळे पुराव्याचा उलटा भार सगळ्यांवर सारखा टाकला तरी सगळ्यांना तो सारखा जड होत नाही. तो सगळ्यात जड होतो निरपराध गरिबाला.

गाड्यांचंही तसंच आहे. ज्या गाडीत माल सापडतो तीही जप्त होते, आणि ती वाचवायची तर आपल्याला माहीत नव्हतं, शिवाय योग्य ती काळजी घेतली होती, हे मालकाने सिद्ध करायचं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका प्रकरणात कर्जावर घेतलेला ट्रक मालकाला अंतरिम परत दिला. हेरॉइन प्रवाशाकडे सापडलं होतं आणि मालक आरोपी नव्हता. हप्ते तर सुरूच असतात, गाडी ठाण्याच्या आवारात गंजून कुणाचंच भलं होत नाही. हा निकाल आपल्याकडच्या टेम्पो-पिकअपवाल्यांनी लक्षात ठेवावा.

आता 2025 मध्ये महाराष्ट्राने अमली पदार्थांचा व्यापार मकोकाखाली आणणारी दुरुस्ती केली आहे. मकोकातही मालमत्तेवर टाच आणण्याची तरतूद आहे. म्हणजे अशा कारवाया वाढणार. बुलडोझरची मागणीही मधूनमधून होतेच. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट सांगितलं आहे की कुणी आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, कारण छप्पर सगळ्या कुटुंबाचं असतं. घर पाडण्याबाबत जे तत्त्व मान्य झालं, ते घर गोठवताना विसरून कसं चालेल?

शेवटी कामाचं सांगतो. अशी वेळ कुणावरही येऊ नये, पण आलीच तर घाबरून दार लावून बसू नका. पोलिसांनी मालमत्ता गोठवल्याचा आदेश काढला तर तो 30 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याने कायम करावा लागतो, नाहीतर तो लागू राहत नाही. तो कायम झाला का, हे विचारा. सरकारजमा करण्याची नोटीस आली तर उत्तराला 30 दिवस असतात. अपिलाला 45 दिवस, आणि ते दिल्लीच्या न्यायाधिकरणाकडे. खरेदीखत, फेरफार, बँकेचं पासबुक, बचत गटाचं बुक, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, सोनाराची पावती, जे असेल ते गोळा करा. पैशाच्या एका भागाचाच हिशोब लागत नसेल तर तेवढ्या भागाच्या किमतीचा दंड भरून बाकी वाचवण्याची सोय कायद्यात आहे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा.

आणि बाकीच्यांसाठी एवढंच. पुढच्या वेळी मालमत्ता गोठवल्याची बातमी वाचाल तेव्हा विचारा, हे घर कुणाच्या पैशाचं? सरकारला ते दाखवता येत असेल तर खुशाल घ्यावं. त्यात शिलाई मशीनवर बसलेल्या आईचा पैसा असेल, तर 1994 ची ती रेघ तिच्यासाठीच ओढलेली आहे.