खांबाशेजारी घोडा

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. कामासाठी राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाचा हा ठरलेला मुक्काम. 1958 साली मात्र याच शहरात एक वेगळाच मराठी पाहुणा उतरला होता, तो म्हणजे एरंडेल चोपडलेला मल्लखांब. राष्ट्रीय पातळीवर तो पहिल्यांदा दिसला तो दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत, युरोपातून आलेल्या व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन हात टेकून ओलांडायच्या, घोड्याच्या संगतीत.

घोड्याचे मूळ लष्करी. रोमन सैन्यातले नवे शिपाई आधी लाकडी घोड्यावर चढ-उताराचा सराव करत, पुढे तर हत्यारांसकट. रोमन लेखक वेजेतियसने हे लिहून ठेवले आहे. हा घोडा शिक्षणात आणला तो जर्मनांनी. श्नेप्फेनथालच्या शाळेतले शिक्षक गुट्समुथ्स यांनी 1793 मध्ये मुलांच्या व्यायामावर ग्रंथ लिहिला आणि 1811 मध्ये यान यांनी बर्लिनच्या हासेनहायडेत उघड्यावर व्यायामाचे मैदान थाटले. घोड्याऐवजी वापरायची थरांची लाकडी पेटी आली स्वीडिश पद्धतीतून. पुढे 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट जिंकणाऱ्या कार्ल शूमानने तिथेच कुस्तीही मारली. आपल्या तालमीतल्या कुणाला त्याचे नवल वाटले नसते.

कारण आपल्याकडे हे सगळे एकाच आखाड्यात नांदत होते. बडोद्याच्या करंदीकर-मुजुमदारांनी त्याचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ केला. 1914 मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले, तेही यानच्याच बर्लिनमध्ये! दोन वर्षांनी मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी संस्था काढली आणि तालमीतला वस्ताद व शाळेतला पीटीचा मास्तर ही हळूहळू दोन वेगळी माणसे होऊ लागली.

मल्लखांबावर वाढलेल्या मुलाला व्हॉल्ट सहज जमेल असे वाटते. ते तितके सरळ नाही. खांबावर सगळी भिस्त पकडीवर असते, पायांची अढी घट्ट बसली की मूल उलटे लोंबकळूनही निर्धास्त. घोड्यावर मात्र हात टेकले न टेकले तोच ढकलून सोडायचे असतात. शिवाय खांबाकडे कुणी जीव खाऊन धावत जात नाही.

म्हणून आठवी-नववीच्या मुलांना शिकवणारा जाणता शिक्षक पेटीपासून सुरुवातच करत नाही. आधी गादीवर नीट उतरणे, म्हणजे गुडघे थोडे मोडलेले, हात पुढे, नजर समोर. मग उसळी देणारी फळी. धावत यायचे, एका पायावर झेप घ्यायची आणि दोन्ही पाय एकदम फळीवर आपटायचे. बहुतेकांचे बिनसते ते इथेच. फळी जवळ आली की पाय आपोआप आखडतात, वेग जातो आणि मूल पेटीवर फतकल मारून बसते. हात चुकले, असे त्याला वाटते. खरी चूक चार पावले मागे झालेली असते! वेग टिकू लागला की थर कमी करून पेटीवर उकिडवे चढणे, मग पाय फाकवून ओलांडणे, शेवटी गुडघे छातीशी घेऊन हातांच्या मधून पार होणे. पाय फाकवून मारायच्या उडीला शिक्षक समोर उभा राहतो, दोन्ही दंड धरायच्या तयारीत. ही उडी मुलांना आवडते आणि भीतीही हिचीच जास्त वाटते.

दोष दर वेळी खेळाडूचाच असतो असेही नाही. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सर्वसाधारण स्पर्धेत घोडा पाच सेंटिमीटर खाली बसवला गेला होता. नामांकित मुली कोसळल्या, तेव्हा एका ऑस्ट्रेलियन मुलीने चूक दाखवून दिली. पुढच्याच वर्षापासून अरुंद घोडा जाऊन रुंद टेबल आले. त्याआधी पुरुष घोडा लांबीवरून ओलांडत आणि महिलांसाठी तो आडवा ठेवत. आता दोघांना टेबल एकच, उंची तेवढी वेगळी: पुरुषांना 135 सेंटिमीटर, महिलांना 125.

या टेबलावरचे भारताचे मोठे यश दिल्लीतच मिळाले. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आशिष कुमारने इंदिरा गांधी संकुलात व्हॉल्टचे रौप्य आणि फ्लोअरचे कांस्य मिळवले. 2016 मध्ये रिओत आगरताळ्याची दीपा कर्माकर अवघड ‘प्रोदुनोव्हा’ उडी मारून 15.066 गुणांवर चौथी आली. कांस्य हुकले ते 0.150 गुणांनी.

दिल्लीत भेटलेल्या खांब-घोड्याची सोबत मात्र फार टिकली नाही. 1962 मध्ये ग्वाल्हेरला मल्लखांब राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत रीतसर दाखल झाला खरा, पण 1981 मध्ये उज्जैनला स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरवून त्याने वेगळी चूल मांडली. संघटना वेगळ्या, परीक्षक वेगळे. दादरला शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मात्र मुलांना मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स दोन्ही शिकवतात.