नाखवा आणि त्याच्या पोटातली नाव

१८६३ साली रेल्वेने बोरघाट ओलांडला. त्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने पनवेलच्या खाडीत येई आणि तेथून १८३० साली गाड्यांसाठी खुल्या झालेल्या घाटरस्त्यास लागे. या किनाऱ्यावरील आगरी-कोळी बोलीत होडीच्या धन्यास 'नाखवा' म्हणतात. कोळीगीतांमुळे हा शब्द अवघ्या महाराष्ट्रास परिचित आहे. अनेक कोळी कुटुंबांचे ते आडनावही आहे. खाऱ्या पाण्यात इतका मुरलेला शब्द मूळचा मराठीच असणार, असे कोणासही वाटेल. वस्तुतः तो फारसी आहे.

त्याचे मूळ रूप 'नाखुदा'. 'नाव' म्हणजे जहाज आणि 'खुदा' म्हणजे धनी. आज 'खुदा' म्हटले की ईश्वर आठवतो. पूर्वी मालक, स्वामी हाही अर्थ रूढ होता. इराणी आखातातील व्यापाऱ्यांबरोबर हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर आला. वेरावळच्या १२६४ सालच्या संस्कृत शिलालेखात होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोजच्या नावाआधी तो संक्षिप्त रूपात आढळतो. पुढे बोलीत दोन स्वरांमधला 'द' गळाला, 'उ'चा 'व' झाला आणि 'नाखवा' सिद्ध झाला.

दर्यावर्दी शब्द असे भाषांच्या सीमा सहज ओलांडतात. दूर फिनलंडमध्ये वल्ह्यास 'आइरो' म्हणतात. तो शब्द प्राचीन जर्मानिक भाषेतून घेतलेला, इंग्रजी 'ओर'चा भाऊबंद. परंतु फिनिश आणि जर्मानिक ही भिन्न भाषाकुळे. तेथे उसना शब्द खरोखरच परक्या घरचा. आपल्याकडे तसे नाही. फारसी 'नाव' आणि संस्कृत 'नौ' एकाच कुळातली; लॅटिन 'नाविस' व ग्रीक 'नाउस' हीही त्याच गोतावळ्यातली. पाहुणा म्हणून आलेल्या शब्दाच्या पोटात निघाली ती आपलीच नाव!

शिवकाळात 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. राजभाषेच्या प्रतिष्ठेचा तो विचार आम्हांस समजतो. पण कूळ पाहूनच शब्दाला घरात घ्यायचे, तर नाखव्याला उंबऱ्याच्या आत उभे करावे की बाहेर?

आमच्या मते, जो शब्द ज्यांच्या तोंडी शतकानुशतके राबला, तो त्यांचाच होय. पनवेल-उरणच्या वर्गात एखादा विद्यार्थी 'नाखवा' म्हणाला, तर त्यास 'नावाडी' हा 'शुद्ध' शब्द सुचवण्यापूर्वी अध्यापकांनी क्षणभर थांबावे. नावाडी नाव वल्हवतो. नाखवा तिचा धनी असतो. शुद्धीच्या नादात ते धनीपण हिरावले जाऊ नये.