रहदारी, दस्तक आणि पैसे भरून मिळणारी वेगळी रांग

तेलगावकडून धारूरला येताना घाट लागतो. उसाची एखादी गाडी बंद पडली की मागची सगळी रहदारी तुंबते. हा ‘रहदारी’ शब्द मूळचा फारसी. राहदारी म्हणजे रस्त्याची राखण, आणि त्या राखणीपोटी वाटसरूंकडून घेतलेला पैसाही राहदारीच. पुढे बऱ्याच ठिकाणी राखण गेली, वसुली तेवढी उरली.

धारूरचा किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास बांधला; १६३१ मध्ये मोगलांनी तो निजामशाहीकडून घेतला. बालाघाटाची चढण ज्याच्या हातात, त्याला येणारा-जाणारा अडवता येतो, हे नकाशा बघूनही कळतं. औरंगजेबाने कारकिर्दीच्या सुरुवातीलाच राहदारी माफ केली. पण खाफीखान लिहितो की जहागीरदार-जमीनदारांनी ते हुकूम फारसे मानलेच नाहीत. (फर्मान निघालं म्हणजे अंमल झाला, असं इतिहासात कधीच धरू नये.)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे विमानतळ. अमेरिकेत २०११ पासून ‘प्रीचेक’ आहे. साधारण ऐंशी डॉलर भरा, माहिती तपासून घ्या, की पाच वर्षं वेगळ्या रांगेतून जा. आपल्याकडे २०२४ मध्ये दिल्लीत इमिग्रेशनची जलद रांग सुरू झाली, पण ती मोफत. मग पैसे घेतले तर बिघडतं कुठे? तत्काळ तिकिटाला आपण जास्त पैसे देतोच की! फरक असा की इथे नाकंही सरकारचं आणि नाक्यातून सुटकाही सरकारच विकतं.

अशा सुटकेचं काय होतं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण बंगालचं. १७१७ च्या फर्मानाने वर्षाला ३००० रुपयांच्या बदल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा माल जकातीशिवाय सुटू लागला. कंपनीचं दस्तक दाखवलं की नाका मोकळा. सवलत कंपनीच्या मालाला होती. प्लासीनंतर मात्र कंपनीचे नोकर आपला खासगी मालही सर्रास त्याच दस्तकावर नेऊ लागले. देशी व्यापारी जकात भरत मागेच. नवाब मीर कासिमने तक्रारी केल्या. खासगी मालावर ९ टक्के जकात ठरली, तीही कलकत्त्याच्या कौन्सिलने फेटाळली. तेव्हा १७६३ मध्ये त्याने सरळ सगळ्यांचीच जकात उठवली.

खरं तर कंपनीवाल्यांचं यात एका पैचंही नुकसान नव्हतं, त्यांचा माल आधीसारखाच फुकट जाणार होता. तरी ते खवळले. इतरांवरची जकात परत बसवा, असा त्यांचा हट्ट होता. कारण दुसरा अडतो तोवरच दस्तकाला किंमत. त्याच वर्षी लढाई जुंपली आणि ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सारला तिचा निकाल लागला.

म्हणून तिकीट-दरापेक्षा मला दुसरंच विचारावंसं वाटतं: साधी रांग उद्या खरंच झटपट सरकू लागली, तर वेगळ्या रांगेचे पैसे कोण भरणार? आणि ती सरकावी असं मग नाका चालवणाऱ्याला वाटेल का?