मिशीसकट स्त्रीवेष : ‘क्वीन’च्या एका चित्रफितीची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने रॉक बँडच्या वाटेला कशाला जावं, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. पण विनोद चित्रात असतो की बघणाऱ्याच्या मनात, हा आमचा जुना प्रश्न आहे. आज तो एका चित्रफितीला विचारू.

१९८४ साली ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचं ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ हे गाणं आलं. गाणं जॉन डीकनचं, चित्रफितीचे दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही कामगार वस्तीतली मालिका इंग्लंडच्या घराघरांत १९६०पासून चालू होती; तिचंच विडंबन करायचं ठरलं. चौघेही बायकांच्या वेषात. डीकन आजीबाई, तर गायक फ्रेडी मर्क्युरी आखूड स्कर्ट घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय, आणि मिशी जशीच्या तशी! मधल्या बॅलेच्या दृश्यासाठी मात्र त्याने ती काढली.

आता, आपल्याला बालगंधर्व ठाऊक आहेत. नारायणराव शालू नेसून उभे राहिले की बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करत. तिथे पुरुष विसरला जावा, हीच कला. मर्क्युरीची मिशी पुरुषाला विसरूच देत नाही, कारण हे विडंबन आहे. हा फ्रेडी म्हणजे फारोख बलसारा, शिकला आपल्या पाचगणीत. पण ही थट्टा मात्र पक्की इंग्लिश.

इंग्लंड हसलं. गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत एमटीव्हीने पाठ फिरवली आणि गाणं ४५व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. का? अमेरिकेला स्त्रीवेषाचं वावडं होतं, एवढं म्हणून भागत नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९८२ साली, तिथे ‘टूट्सी’ सिनेमा धो-धो चालला होता. पण त्यातल्या नटाला काम मिळत नसतं म्हणून तो बाई होतो. वेषाला निमित्त आहे. क्वीनच्या चित्रफितीतलं निमित्त म्हणजे ती मालिका, आणि ती अमेरिकेत फारशी कुणी पाहिलेली नव्हती. निमित्त समुद्रात बुडालं, किनाऱ्याला पोचले ते फक्त स्कर्ट. मग प्रेक्षकाने आपल्या मनातली भीती त्याला चिकटवली. दक्षिण अमेरिकेत तर त्याच गाण्याकडे लोकांनी मुक्तीचं गाणं म्हणून पाहिलं.

तेव्हा विनोद अर्धा चित्रात, अर्धा बघणाऱ्याच्या घरात. आणि घर बदललं की किंमत मोजावी लागते. १९८२नंतर मर्क्युरीसह क्वीनचा अमेरिकेत दौरा झालाच नाही. त्यामागे कारणं अनेक होती, सगळा भार या चित्रफितीवर टाकू नये. १९९१ साली तो गेला.

आपणही रोज मोबाइलवर परक्या घरातले विनोद पाहतो आणि चटकन रागावतो. रागावण्याआधी एवढं विचारावं : यातलं काय आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही?