पायाच्या दगडाचं कूळ

खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडणारा हौशी माणूस आज माशांच्या आधी दगड आणतो. पांढरट, सुका, भोकाभोकांचा चुनखडीचा दगड. तो घासायचा, ॲसिडात बुडवायचा, काही आठवडे खाऱ्या पाण्यात मुरत ठेवायचा आणि मग कुठे टाकीत रचायचा. निर्जीव दगडाचे एवढे सोपस्कार का, हे त्याचं कूळ पाहिल्यावर कळतं. हे कूळ मुळात जिवंत होतं.

1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यामागे मोठा हात असलेला निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस डेव्हनच्या किनाऱ्यावर छिन्नी-हातोडा घेऊन हिंडे. समुद्री शेवाळाला मुळं नसतात. ते ओढून काढलं की मरतं, म्हणून गॉस ज्या खडकाला ते धरलेलं असे त्याचा कपचाच फोडून आणी. त्याची पुस्तकं इतकी खपली की हौशांच्या झुंडी किनाऱ्यावर उतरल्या आणि खडकांमधली डबकी ओरबाडून निघाली. पुढे मुलगा एडमंड याने 1907च्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात त्याची हळहळ नोंदवली. म्हणजे या छंदातला गुन्हाही जवळपास छंदाइतकाच जुना.

विसाव्या शतकाच्या मध्यावर वारं उलटं फिरलं. घरगुती टाकीत ब्लीचने पांढरेफेक केलेले पोवळ्यांचे सांगाडे शोभेला ठेवत, आणि पाणी राखायचं काम खडीखालच्या फिल्टरवर सोपवत. 1961 साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत मांडली. समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस्स. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या भोकांमधले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. फिल्टर म्हणजे दगडच! पुढे बर्लिनच्या हौशांनी त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसाबरोबर घाण काढून टाकणाऱ्या यंत्राची, जोड दिली. ही ‘बर्लिन पद्धत’ आजही टिकून आहे.

मग ‘लाइव्ह रॉक’ची विमानवाहतूक सुरू झाली. फिजी, टोंगा, इंडोनेशियाहून ओल्या कागदात गुंडाळलेले दगड निघत. वाटेत त्यांच्यावरचे स्पंज आणि किडे मरत. पोचल्यावर घाण वास येई आणि अमोनिया चढे. म्हणून टाकीत ठेवण्याआधी ते वेगळ्या पिंपात, खेळत्या खाऱ्या पाण्यात, मेलेलं सडून जाईपर्यंत ठेवत. आजचं मुरवणं इथून आलं. शिवाय हा माल वजनावर विकला जाई आणि महाग पडे. मग काटकसरी लोक खाली स्वस्त सुका दगड रचत आणि वर थोडा जिवंत ठेवत. काही महिन्यांत वरचे जिवाणू नि जांभळं शेवाळ खाली उतरे. हाच तो ‘बेस रॉक’, पायाचा दगड.

पाया वर आला तो कायद्यामुळे. अमेरिकेत फ्लोरिडाने 1989 साली आपल्या पाण्यात लाइव्ह रॉकची तोड थांबवली, आणि 1997पासून त्याबाहेरच्या समुद्रातली तोडही बंद झाली. तिथले व्यापारी मग खाणीतला चुनखडक भाड्याच्या समुद्रतळावर टाकून तो ‘पिकवू’ लागले. 2018च्या आरंभी फिजीनेही निर्यात बंद केली. भारतात 2001पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून हौशीसाठी तुकडा उचलायचा प्रश्नच नाही.

सुक्या दगडाने समुद्र वाचवला, पण नवी डोकेदुखी आणली. समुद्रातून काढून तसाच वाळवलेला दगड असेल, तर भोकांत मेलेल्या जिवांचे अवशेष अडकलेले असतात. ते ब्लीचने जातात. चुनखडीला धरून बसलेलं फॉस्फेट मात्र टाकीत हळूहळू सुटतं आणि केसाळ शेवाळ माजवतं. त्यावर अमेरिकेत पोहण्याच्या तलावांसाठी मिळणारं म्युरिॲटिक ॲसिड, म्हणजेच हायड्रोक्लोरिक, कामाला आलं. पातळ ॲसिडात दगड फसफसतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फॉस्फेटने माखलेला वरचा थर विरघळतो. हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करायचं. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही. ब्लीचचा अंश दगडात राहिला असेल तर ॲसिडाशी मिळून क्लोरीन वायू होतो, म्हणून मध्ये भरपूर धुवायचं. आणि दगड उकळायचा कधीच नाही. काही झोआंथिड पोवळ्यांत पॅलिटॉक्सिन असतं. ते उकळूनही नष्ट होत नाही, आणि त्याच्या वाफेने घरंच्या घरं रुग्णालयात पोचली आहेत.

खाणीतला दगड असेल, तर यातलं बरंचसं वाचतं. तिथे धूळ झटकली की भागतं. ॲसिडाची एवढी कीर्ती झाली आहे की गरज नसताना बुडवणारेही पुष्कळ.

इतकं झाल्यावर दगड स्वच्छ होतो, पण रिकामाही. मग बाटलीतले जिवाणू, मोजून अमोनिया आणि रोजच्या चाचण्या. जिवाणू येतात, पण स्पंज, किडे, बारीक कवचधारी प्राणी बाटलीतून येत नाहीत. मोकळ्या जागेवर आधी तपकिरी डायटम आणि कधी चिवट डायनोफ्लॅजेलेट ताबा घेतात. म्हणून अनुभवी मंडळी अजूनही कुणाच्या तरी जुन्या टाकीतला मूठभर जिवंत तुकडा मागून आणतात आणि सुक्या ढिगाच्या मधोमध ठेवतात.